मदत हवी आहे: बोअरची मोटर चालू आहे की बंद, मोबाईलवर कसं कळेल?

नमस्कार मंडळी,

पाथर्डी फाट्याजवळ आमचं रो हाऊस आहे. बोअरमध्ये १ एचपीची सिंगल फेज सबमर्सिबल, पाणी थेट गच्चीवरच्या टाकीत. मोटर जमिनीखाली खोल, त्यामुळे आवाज म्हणून येत नाही. स्टार्टर मागच्या बोळात लोखंडी पेटीत. आई सकाळी बटण दाबते आणि स्वयंपाकाला लागते. टाकी भरल्याचं कळतं ते शेजारच्या काकू भिंतीवरून "अहो, पाणी वाहतंय" असं ओरडतात तेव्हा!

पाणी वाया जातं ते आहेच, पण खरी धास्ती उन्हाळ्याची. एप्रिल-मे मध्ये बोअरची पातळी उतरते. मोटर फिरत राहते, वर मात्र थेंब नाही. सबमर्सिबलला गार ठेवतं ते भोवतालचं पाणीच, म्हणजे कोरडी चालली की वाइंडिंग जळायची भीती. पेटीवरचा लाल दिवा दोन्ही वेळी सारखाच पेटतो. फरक दिसतो तो फक्त अँपिअर मीटरच्या काट्यात, पाणी तुटलं की काटा खाली येतो. तेवढा काटा मला ऑफिसात बसून दिसला तरी पुरे.

ऑटोमॅटिक चालू-बंद नकोय. आईचा त्यावर विश्वास नाही आणि खरं सांगायचं तर माझाही नाही. वॉटर लेव्हल अलार्म सुचवू नका, त्याला कोरडी मोटर कळत नाही. स्मार्ट प्लगही नाही चालणार, स्टार्टरची वायरिंग थेट आहे.

माझा विचार: ईएसपी-३२ (वायफायवाला छोटा कंट्रोलर बोर्ड) आणि पीझेम-००४टी (करंट, वॉट मोजणारं) मॉड्यूल, सोबत वायरभोवती अडकवायची सीटी (करंट ट्रान्सफॉर्मर, म्हणजे करंट मोजणारी कडी). शंका अशा की सीटी नेमकी कुठे लावायची, आणि लोखंडी पेटीत वायफाय मिळेल का? कुणी केलं असेल तर सांगा.

प्रतिसाद १
केलंय. सीटी स्टार्टरला येणाऱ्या फेजच्या एकट्या वायरवर लावा. फेज-न्यूट्रल दोन्ही एकत्र आत घेतल्या तर रीडिंग शून्य येईल. मोटरकडे जाणाऱ्या तीन वायरींच्या नादी लागू नका, तिथे रनिंग, स्टार्टिंग आणि कॉमन असे वेगवेगळे करंट असतात. ईएसपी पेटीबाहेर प्लास्टिकच्या डबीत ठेवा, पत्र्याच्या आत सिग्नल मरतो. राउटरचं २.४ गिगाहर्ट्झ चालू हवं. जोडणी वायरमनकडून, एमसीबी (वीज तोडणारा स्विच) पाडूनच.

प्रतिसाद २
सुरू होताना मोटर काही पट करंट ओढते, म्हणून पहिले काही सेकंद मोजू नका. टाकीत पाणी नीट पडत असताना किती वॉट येतात ते लिहून ठेवा आणि त्यावरून इशाऱ्याची खालची मर्यादा ठरवा. वरचीही ठेवा. कपॅसिटर गेला की मोटर जागच्या जागी गुरगुरते आणि करंट चढतो.

धागाकर्ता
वरच्या मर्यादेचं डोक्यातच नव्हतं. रविवारी वायरमनला बोलावतो. मोटर ठरावीक वेळेपेक्षा जास्त चालली तर टेलिग्रामवर मेसेज पाठवायचा कोड कुणाकडे तयार आहे का?