मोत्याची 'लूत' : कुत्र्यांचे केस झडल्याचे अनुभव सांगा

वावरकाठी
आज दारव्ह्याहून येताना एका गॅरेजपुढे दोन पोट्टे पिल्लाला दाबून धरून चिंधीनं काळं ऑइल चोपडत होते. उतरून रागावले. पण घरी येईस्तोवर डोळ्यांपुढे आमचा मोत्याच.

तेव्हा मी सातवीत. मोत्या जेमतेम सहा महिन्यांचा. आधी डोळ्यांभोवतीचे केस गेले. चष्मा लावल्यासारखा दिसे, म्हणून आम्ही त्याला मास्तर म्हणायचो. मग पुढच्या पायांवर चट्टे. खाजवत मात्र फारसा नव्हता. बाबा म्हणाले, लूत आहे, ट्रॅक्टरचं जळकं ऑइल लावा. मीच लावलं. त्यानं चाटलं. दोन दिवस ओकला, तिसऱ्या दिवशी तुरीत शिरला तो आलाच नाही.

बाबांना अजून विचारलं नाही. तुमच्याकडं कोणाच्या कुत्र्याचे केस असे गेले का? कशानं गेले ते कळलं का?

संत्र्याची फोड
आमची जिमी, लॅब्राडोर, सहा वर्षांची. खाज अजिबात नाही. दोन्ही कुशींवरचे केस सारखेच गेले, शेपटी उंदरासारखी झाली. दिवसभर पडून. सासूबाई म्हणे माजली, भाकर कमी करा. अर्धी भाकर केली तरी फुगतच होती. तीन शाम्पू झाले. शेवटी नागपूरला व्हेटरनरी कॉलेजात नेलं, रक्त तपासलं तर थायरॉइड कमी. म्हणजे माझंच दुखणं! आता दोघींच्या गोळ्या फ्रिजवर शेजारीशेजारी. तिचा डोस माझ्याहून कितीतरी मोठा, मेडिकलवाला चिठ्ठी दोनदा वाचतो. केस यायला चार-पाच महिने लागले.

भाऊ वरुडवाले
माझेही गेले. मले कोणी नागपूरले नेलं नाही.

संत्र्याची फोड
@भाऊ 😂 शेपटी पाहा आधी

तीनचाकी
आमच्याकडं उलटं. कुत्रं रात्रभर खाजवे, कानाच्या कडा आणि कोपरं सोललेली. ते आजीच्या वाकळीवर झोपायचं. पंधरा दिवसांत आजीच्या पोटावर न् हातांवर पुरळ, मग माझ्या. आजी म्हणे उष्णता आहे, सब्जा पी. मी गंज सब्जा प्यालो. त्वचेच्या डॉक्टरनं पहिलाच प्रश्न विचारला, घरी कुत्रं आहे का? ती खरूज होती. कुत्र्याचा इलाज झाला तशी आमची खाज आपोआप गेली.

मोहफूल
सब्जानं काहीच नाही झालं का? मला ॲसिडिटीसाठी सांगितलाय

ढोरांचा दवाखाना
मी पशुधन पर्यवेक्षक, डॉक्टर नाही, पण १९ वर्षं हेच पाहून राहिलो. @वावरकाठी, पिल्लू, डोळ्यांभोवती चष्मा, पुढचे पाय, खाज कमी... हे तर डेमोडेक्सचं वर्णन झालं. तो किडा केसाच्या मुळाशी राहतो. पिल्लाला तो पहिल्या काही दिवसांत आईचं दूध पितानाच मिळतो, थोडेफार बहुतेक कुत्र्यांत असतातच. अंगातली ताकद कमी पडली की माजतात. माणसाला लागत नाही. तीनचाकींच्या घरी होता तो वेगळा किडा, सारकोप्टीस. तो लागतो. गावात दोघांनाही लूतच म्हणतात, तिथंच घोळ.

कातडी चिमटून, थोडं रक्त येईस्तोवर खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं की डेमोडेक्स सहसा सापडतो. सारकोप्टीस मात्र भल्ला लबाड, एकदा नाही दिसला म्हणून नाहीच असं समजू नका.

बाकी कंबरेवर, शेपटीच्या बुडाशी गेले तर आधी पिसवा पाहा. गोल चट्टा, कडेला कोंडा, तर बुरशी. पाणी लय पिते, पोट सुटलं, तर रक्त तपासा. आणि ढोरांचं गोचिडाचं इंजेक्शन अंदाजानं टोचू नका, कोली जातीच्या कुत्र्याला तर ते मेंदूत चढते.

काळी माती
खाजेच्या गोळ्यांबद्दल बोला ना कोणी. मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणल्या. दोन दिवसांत खाज बंद, आम्ही खूश. महिन्यानं अर्धं कुत्रं टकलं. गोळी स्टेरॉइडची, रोग डेमोडेक्स. तिनं त्याची ताकद आणखी पाडली.

ढोरांचा दवाखाना
हे तर आठवड्याला एक येते.

बोंडअळी
आमची राणी व्याली तेव्हा दोन महिन्यांनी मुठीनं केस निघाले. मी रडायला बसले. आई म्हणे, तुझे नव्हते का गेले बाळंतपणानंतर? पिल्लं सुटली, केस परत आले. औषध काहीच नाही, दूध-अंडी.

कोणाची वेचणी झाली का? आमच्याकडं बाया भेटून नाही राहिल्या.

भाऊ वरुडवाले
आमच्याकडंही. किलोमागं भाव ऐकून माझे उरलेलेही जातात.

तीनचाकी
करंज तेल चालते का कोणाला? आजी अजून तेच म्हणते.

काळी माती
वास येतो बाप्पा. ते लावून घरात आणलं तर आपणच बाहेर.

मोहफूल
सब्जाचं सांगा ना कोणी

वावरकाठी
सगळं वाचलं. @ढोरांचा दवाखाना, म्हणजे तो मास्तर बरा झाला असता?

ढोरांचा दवाखाना
लहान पिल्लांत थोडेच चट्टे असले तर पुष्कळदा आपोआपही जातात ताई. आता तर एका गोळीनं महिना-महिना आराम पडते. तेव्हा गावात ती गोळी नव्हती.

वावरकाठी
हं.

त्या गॅरेजवाल्या पिल्लाला घेऊन आले आहे. आंगणात आहे, साबणानं धुऊन काढलं पण ऑइल निघता निघत नाही. आधी काय करू?

ढोरांचा दवाखाना
चाटू देऊ नका, जुनी बनियन घाला. खायचं तेल चोळा, ऑइल सुटलं की भांड्याचं लिक्विड न् कोमट पाणी. रॉकेल नको. रात्री ओकलं तर उद्याची वाट न पाहता डॉक्टरला फोन करा.

संत्र्याची फोड
नाव काय ठेवलं?

वावरकाठी
बनियन नवऱ्याची आहे. तो नाव ठेवून राहिला, मलाच.