आतल्या काचा पुसताना पाणी ठिबकू नये म्हणून

खिडकीखाली जुनी वर्तमानपत्रे अंथरावीत, असा सल्ला अनेकदा दिला जातो. त्याने फरशी वाचते हे खरे, परंतु पाणी मुळात ठिबकतेच का, हा प्रश्न तसाच राहतो. व्यावसायिक सफाई करणारे आतल्या बाजूने काच भिजवत नाहीत, केवळ ओलसर करतात. भांड्यांच्या द्रवसाबणाचे दोन-चार थेंब घातलेल्या पाण्यात मायक्रोफायबरचे कापड बुडवून ते घट्ट पिळून घेतात, आणि स्प्रे वापरायचाच असेल तर तो काचेवर न मारता कापडावर मारतात. त्यानंतर काचेच्या वरच्या कडेची बोटभर पट्टी कोरड्या कापडाने टिपून वायपर तेथूनच सुरू करावा, कारण रबर ओल्या कडेवर टेकले की पाणी ओघळू लागते. वायपर एकदा ओढला की रबर लगेच पुसावे, आणि दुसऱ्या हातातील कापड त्याच्या खालच्या टोकाशी धरावे. स्लायडिंग खिडकीच्या खाचेतील धूळ आधी कोरडीच काढावी.

नाशिकमध्ये ज्या सोसायट्यांत बोअरवेलचे जड, म्हणजे क्षारयुक्त पाणी येते, तेथे काच सुकल्यावर पांढरे डाग उरतात. अशा वेळी महापालिकेच्या नळाचे किंवा फिल्टरचे पाणी बादलीभरही लागत नाही, तेव्हा तेच घ्यावे. असे डाग काढायला व्हिनेगर वापरण्याची शिफारसही अनेकदा केली जाते, ती मात्र मला सरसकट मान्य नाही. संगमरवर, कोटा आणि शहाबादी या फरश्या प्रामुख्याने कॅल्शियम कार्बोनेटच्या असल्यामुळे आम्लाचा सांडलेला थेंब त्यांची चकाकी कायमची घालवू शकतो.