एर्न्स्टचा 'घराचा देवदूत': हा नाच आहे की धिंगाणा?

निळीशाई
माक्स एर्न्स्ट या सररिअलिस्ट, म्हणजे स्वप्नं आणि अंतर्मनातलं रंगवणाऱ्या चित्रकाराचं १९३७ चं चित्र. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगते, जवळजवळ दीड मीटर रुंद कॅनव्हास, खाली पट्टीएवढी जमीन, वर ढगाळ आभाळ आणि मधे चिंध्याचिंध्यांचा एक अवाढव्य प्राणी हातपाय फाकून उडी घेतोय. नाव मात्र घर राखणाऱ्या देवदूताचं. स्पेनच्या यादवीवरचं, फॅसिझमच्या विरोधातलं चित्र म्हणून सगळे गौरवतात, पण मला पटत नाही. नाव आणि गोष्ट बाजूला ठेवून बघा, लाल गुलाबी निळं कापड वाऱ्यावर फडफडतंय, जत्रेतलं सोंग वाटतं. अर्थ कळायला शेजारची पाटी वाचावी लागत असेल तर चित्र तिथे कमी पडलं.

पायवाट
ताई, अजिबात सहमत नाही. मी बारा वर्षं कथक केलंय, म्हणून पहिली नजर पायांकडेच जाते. नाचणाऱ्याला जमिनीचं भान असतं, पाय कुठे पडणार ते अंगाला आधीच माहीत असतं. इथे ते भानच नाही, पाय पडेल तिथे पडेल, खाली कोण आहे त्याचं त्याला काही नाही. आणि क्षितिज इतकं खाली घेतलंय की अख्खा मुलूख त्याच्या पायाशी आलाय. हे दिसायला पाटी लागत नाही. रंग आनंदी आहेत म्हणून तर जास्त भीती वाटते, कारण नासधूस करताना त्याला मजा येतेय.

निळीशाई
पायांचं पटलं, हे मी पाहिलंच नव्हतं. पण तारखा बघा ना. स्पेनमधले रिपब्लिकन, म्हणजे फॅसिस्टांविरुद्ध लढणारी सरकारी बाजू, हरल्यावर हे रंगवलं असं एर्न्स्टने नंतर सांगितलं, आणि युद्ध तर १९३९ च्या एप्रिलमध्ये संपलं! म्हणजे गोष्ट मागाहून चिकटली असं म्हणायला जागा आहे की नाही?

जुनापूल
जागा आहे, पण थोडीच. २६ एप्रिल १९३७ ला स्पेनमधल्या गेर्निका गावावर बॉम्ब पडले, जूनमध्ये रिपब्लिकनांच्या हातचं बिल्बाओ शहर पडलं, हार दिसायला शेवटच्या दिवसाची वाट बघावी लागत नव्हती. शिवाय एर्न्स्ट स्वतः जर्मन, कलोनजवळच्या ब्रुलचा, पहिल्या महायुद्धात तोफखान्यात होता, आणि त्याच जुलैत म्युनिकला नाझींनी 'अध:पतित कला' म्हणून जी चित्रं टांगली त्यात याचंही होतं. वाटेत येईल ते मोडत जाणारा धसमुसळा दांडगा, असं त्यानेच या प्राण्याबद्दल सांगितलंय. त्याला पुढचं दिसत होतं, एवढंच मला म्हणायचंय.

कोराकागद
मला वेगळाच प्रश्न पडतो. माणसाची हालचाल रंगवायचीच तर मार्सेल द्युशाँ या चित्रकाराने १९१२ मध्येच जिना उतरणारी आकृती करून दाखवली होती, एकामागे एक पावलं. त्यापुढे हे म्हणजे एक थांबलेली पोझ. यात गती कुठेय?

पायवाट
द्युशाँची आकृती कुठून कुठून आली ते दिसतं, हा कुठे पडणार ते दिसत नाही. बघणाऱ्याच्या अंगात जी हालचाल सुरू होते ना, मान आपोआप मागे जाते, ती मला त्या जिन्यापुढे कधी झाली नाही.

निळीशाई
मग १९३८ च्या पॅरिसच्या प्रदर्शनात हेच चित्र 'सररिअलिझमचा विजय' या नावाने का लागलं? चित्रकारालाच दोन नावं चालत असतील तर मी त्यात नाच पाहिला तर चुकलं काय?

जुनापूल
चुकलं नाही. पण ते नाव मला हताश माणसाचं वाटतं. आमची स्वप्नं जिंकली, आणि जिंकून हे बाहेर आलं, असं.

निळीशाई
हं. असं वाचलं नव्हतं कधी. रंगांबद्दलचं मत अजून बदललेलं नाही माझं, पण तुम्ही लिहिल्यावर पुन्हा चित्र मोठं करून बघत बसले. त्या बाजूला लटकलेला हिरवा जीव आहे ना, तो त्याला मागे ओढतोय की त्याच्याच अंगातून फुटून बाहेर येतोय? मला अर्धा तास झाला तरी ठरवता येत नाहीये.