दिवाळीच्या सुट्टीत क्रूझ की गाडी काढून सातपुडा? नागपूरकरांनो, मत द्या

महालकर:
घरात दोन तट पडलेत. बहिणीला यंदा मुंबईहून गोव्याची क्रूझ करायची आहे. माझं म्हणणं, दारात सातपुडा असताना एवढ्या लांबचा समुद्र गाठायचाच कशाला? सोबत आई-बाबा, दोघंही सत्तरीपुढचे, आणि दोन शाळकरी पोरं. हातात पाच-सहा दिवस.

माझी बाजू सांगतो. सकाळी सहाला निघायचं. सावनेर, सौंसर, वाटेत जामसावलीच्या हनुमानाचं दर्शन, सिल्लेवानीचा घाट, छिंदवाड्यात जेवण आणि उजेड असतानाच तामिया. तिथल्या पॉइंटवरून दऱ्यांमागे दऱ्या दिसतात. पातालकोटची खोल दरीही जवळच. दुसऱ्या दिवशी मटकुलीवरून पचमढी. पाऊस नुकताच ओसरलेला असतो, धबधब्यांना पाणी असतं, जंगल हिरवंगार. सौंसर-पांढुर्ण्याच्या बगीच्यांत आंबिया बहाराची संत्री उतरायला लागलेली असतात. वाटलं तिथे गाडी थांबवा. जहाजावर वेळ त्यांची, थांबे त्यांचे. देशाच्या मधोमध राहण्याचा फायदा नागपूरच्या माणसाने सोडू नये असं मला मनापासून वाटतं.

वर्धा रोडची ताई:
दादा, आधी हे सांगा की यात सुट्टी कोणाची आहे? आदल्या रात्री दशम्या, पुऱ्या, चिवडा कोण बांधणार? हॉटेलात पोचल्यावर पोरांचे ओले कपडे कोण वाळत घालणार? आणि गाडी चालवणाऱ्याला तरी कुठली सुट्टी? घाटात मान वळवायची सोय नाही. बाकीचे म्हणतात, "ते बघ, ते बघ."

सगळ्यात मोठी गोष्ट बाथरूमची. माझ्या सासूबाई गाडीने जायचं असलं की सकाळपासून पाणीच पीत नाहीत. ढाब्यावर विचारलं की पोरगा मागच्या बाजूला बोट दाखवतो. तिथे दाराला कडी नाही, नळाला पाणी नाही. पंपावर गेलो तर कुलूप, चावी मॅनेजरकडे, मॅनेजर जेवायला गेलेला. मग त्या म्हणतात, "राहू दे, मला काही नाही." वाटलं तिथे थांबायची मजा तुम्हा पुरुषांची हो. तुमच्या आईंना विचारलंत का, त्या प्रवासात पाणी पितात का?

जहाजावर खोलीतच बाथरूम, मजले चढायला लिफ्ट, डॉक्टर, जेवण तयार, शाकाहारीसुद्धा. बॅग एकदा उघडली की परत भरायची ती उतरतानाच. बहिणीचं ऐका.

गोरेवाडा:
ताई, बाथरूमचं शंभर टक्के खरं. पण क्रूझचा हिशेब पूर्ण मांडा. जाहिरातीतला दर माणशी असतो, तोही एका खोलीत दोघं धरून आणि बिनखिडकीच्या आतल्या खोलीचा. त्यावर जीएसटी, बंदराचं शुल्क, टिप. समुद्र दिसणारी खोली हवी तर वेगळे पैसे, गोव्यात उतरून फिरायची सहल घेतली तर तेही वेगळे.

आणि हे सगळं मुंबईत पोचल्यावर. रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं आणि दिवाळीची तिकिटं बघता बघता वेटिंगवर जातात. विमानाचे भाव त्या आठवड्यात चढलेले. गाडी उशिरा पोचली तर जहाज थांबत नाही, म्हणजे आदल्या दिवशीच मुंबई गाठा आणि रात्रीचं हॉटेल करा. परतीलाही तेच. सहा दिवसांतले दोन-तीन जाण्यायेण्यात गेले. म्हाताऱ्या माणसांची खरी दमछाक तिथे होते.

शिवाय पावसाळ्यानंतरचे महिने वादळांचे. २०१९ च्या दिवाळीत अरबी समुद्रात क्यार चक्रीवादळ होतं, ते विरायच्या आत महा आलं आणि लक्षद्वीपजवळून गेलं. अशा वेळी मार्ग बदलतो किंवा फेरीच रद्द होते. मग एवढी जुळवाजुळव करून गेलेल्या विदर्भातल्या माणसाने काय करायचं?

काटोल नाका:
मी क्रूझच्या बाजूने. वादळ काही न सांगता येत नाही, हवामान खात्याचे इशारे आधी येतात आणि जहाजवाले त्यात जहाज घालत नाहीत. पोट ढवळण्याची भीती असेल तर खालच्या मजल्यावरची, जहाजाच्या मध्यावरची खोली मागा. तिथे हेलकावे सगळ्यात कमी लागतात. उलटीची गोळी डॉक्टरांना विचारून जवळ ठेवा.

पचमढीचं इतकं गोड चित्र रंगवलंत, पण पुढचं सांगितलंच नाही. धूपगडचं शिखर, बी फॉलचा धबधबा, ही जंगलातली ठिकाणं स्वतःच्या गाडीने होत नाहीत. परवाना काढायचा आणि जिप्सी करायची. दिवाळीत जिप्सीला रांग, रस्त्यावर गर्दी. धूपगडच्या सूर्यास्ताला कठड्याशी उभं राहायला जागा मिळत नाही. बी फॉलला पायऱ्या उतरायच्या म्हणजे तेवढ्याच चढायच्या. सत्तरीचे गुडघे ते करणार का? आई-बाबा हॉटेलात बसणार आणि तुम्ही त्यांना मोबाइलवर फोटो दाखवणार.

माझ्या वडिलांची उभी नोकरी बुटीबोरीत गेली. समुद्र पाहिला तो चौपाटीवरून, हातात चपला धरून. चारी बाजूंना काठ नाही असं पाणी त्यांनी कधीच बघितलं नाही. हे सातपुड्यात मिळत नाही. डोंगर पुढच्या वर्षीही तिथेच आहेत, आई-बाबांची तब्येत पुढच्या वर्षी अशीच राहील याची हमी कोण देतं?

जरीपटका:
काहून भांडून राहिले बाप्पा, पचमढीच पाहिजे असं कोणी सांगितलं? जबलपूरजवळच्या भेडाघाटला जा ना. जबलपूर पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपास, लखनादौनपर्यंत एनएच ४४. मनसर सोडलं की पेंचचं जंगल लागते. महाराष्ट्राच्या हद्दीत तिथं नऊ ठिकाणी रस्ता वर उचलला आहे, खालून वाघ-हरणं जातात. पुढं कुरईच्या घाटात गाड्यांचा उजेड अन् आवाज जंगलात जाऊ नये म्हणून कडेनं भिंती लावल्या. पोरांना दाखवाच, असा रस्ता रोज पाहायला भेटत नाही.

भेडाघाटात धुवांधार धबधब्याला रोपवे आहे. पावसाळ्यात बंद असलेली नाव दिवाळीपर्यंत सुरू होऊन जाते, संगमरवराच्या कड्यांमधून नर्मदेत फिरवते. कोजागिरीला तिथं नर्मदा महोत्सव असते, तेव्हा मात्र गर्दी. दिवाळीत बरं. पाण्याची हौसही फिटली, मुंबईचं तिकीटही नको.

महालकर:
ताई, आईला आत्ताच विचारलं. ती म्हणाली, "त्यात काय, सगळ्याच बायका तसंच करतात." बाबा शेजारी बसले होते, त्यांनाही हे माहीत नव्हतं. तामियाचा बेत रद्द. भेडाघाटचं बघतो. पण समुद्राचं मला अजून पटलेलं नाही. तीन दिवस एका इमारतीत कोंडून घ्यायचं आणि रात्री गाण्यांचा धिंगाणा, आमच्या बाबांना ते सोसायचं नाही.

वर्धा रोडची ताई:
बाबांना काय सोसतं ते बाबांनाच विचारा, आईंसारखं. भेडाघाटला जाणार असाल तर ड्रायव्हरसकट मोठी गाडी करा, स्वतः चालवू नका. निघायच्या आधी सिवनी आणि लखनादौनमधल्या दोन चांगल्या हॉटेलांना फोन करून थांबे ठरवून ठेवा, चहा-नाश्ता तिथेच घ्या म्हणजे बाथरूम मागायला संकोच नाही. घरून डबा नेऊ नका, सगळं बाहेर खायचं. आणि माझं मत अजूनही क्रूझलाच आहे, बहिणीला तसं सांगा.