प्रतिसाद: रुकींना आराम मिळतो कुठे?

रुकी म्हणजे कॉलेजमधून एनएफएल या अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगमध्ये आलेले पहिल्या वर्षाचे खेळाडू. "जानेवारीत कॉलेजचा हंगाम संपतो, सप्टेंबरात एनएफएल सुरू होते, मध्ये एवढा आराम, तरी ही पोरं नोव्हेंबरात का ढेपाळतात?" असं त्यांच्याबद्दल एकाने विचारलंय. आराम कागदावरच हो!

ओहायो स्टेट या कॉलेज संघाचंच बघा. २० जानेवारी २०२५ ला अंतिम सामना, तोही हंगामातला सोळावा. आणि फेब्रुवारीअखेर इंडियानापोलिसला कंबाइन, म्हणजे एनएफएल संघांसमोरची शारीरिक चाचणी. ठणकणारे घोटे-खांदे घेऊन पाच आठवड्यांत ४० यार्डांच्या धावेची तयारी. त्यात फुटबॉल फारसा नसतोच. हात जमिनीला टेकवून सुटायचं कसं, पहिलं पाऊल कुठे पडलं पाहिजे, हेच पुन्हा पुन्हा घोटायचं. सामन्यात सरळ रेषेत ४० यार्ड मोकळं कोण पळू देतं? मग मार्चमध्ये प्रो डे (कॉलेजातच होणारी तशीच चाचणी), एप्रिलअखेर ड्राफ्ट (संघ पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात तो), मेमध्ये लगेच रुकी मिनीकॅम्प, म्हणजे नवख्यांचं सराव शिबिर. जुने खेळाडू मात्र निदान एप्रिलपर्यंत घरी बसून दुखणी बरी करत असतात.

सिडनी जोन्स (२०१७) आणि डेव्हिड ओजाबो (२०२२), दोघांचंही अकिलीस (टाचेमागचा स्नायुबंध) प्रो डेलाच तुटलं. ड्राफ्टच्या पहिल्या फेरीची चर्चा होती, गेले दुसऱ्या फेरीत. डांटे फाउलर २०१५ ला तिसऱ्या क्रमांकावर निवडला गेला आणि मिनीकॅम्पच्या पहिल्याच दिवशी गुडघ्यातलं एसीएल हे अस्थिबंधन तुटलं. अख्खा हंगाम बाहेर.

त्यामुळे दुखापत टाळायला बोल गेम (कॉलेज हंगामाअखेरचा खास सामना) सोडणाऱ्यांना काही जण स्वार्थी म्हणतात, ते मला तरी पटत नाही. क्रिस्टियन मॅककॅफ्रीने २०१६ चा सन बोल हा असाच सामना सोडला, तरी पुढच्या ड्राफ्टमध्ये आठव्या क्रमांकावर निवडला गेलाच की.