जागा न कळता संसर्ग कसा कळतो? (नववीच्या विज्ञान प्रदर्शनासाठी)

नाशिकची_आई:

मंडळी, चार दिवस घरात वाद चालू आहे, तो आता इथे आणतेय.

लेक नववीत. विज्ञान प्रदर्शनासाठी त्याने विषय घेतलाय 'साथीचा माग काढणारा फोन'. त्याचं म्हणणं, करोनात परदेशात अशी अ‍ॅप्स होती की ज्यांना तुमचं नाव, नंबर, तुम्ही कुठे गेलात यातलं काही ठाऊक नसायचं, तरी बाधित माणसाजवळ होतात हे ती सांगायची. सर म्हणाले, "जागा माहीत नाही तर जवळ होता हे कळणार कसं?" मलाही सरांचं पटलं. आपलं आरोग्य सेतू आठवा. नाव, मोबाइल नंबर, वय, पेशा, सगळं भरून घेतलं होतं. वर लोकेशन आणि ब्लूटूथ दोन्ही चालू ठेवा. आमचं ऑफिस उघडलं तेव्हा वॉचमन आधी फोनमधलं हिरवं बघायचा, मग कपाळाला थर्मल गन.

वडिलांकडे तेव्हा बटणांचा फोन. अशांसाठी १९२१ वर मिस्ड कॉलची सोय होती. त्यांनी दिला, उलट फोन आला, रेकॉर्ड केलेला आवाज प्रश्न विचारायला लागला. अण्णा म्हणाले, "मला काही झालेलं नाही, तुमच्याकडे सगळे बरे ना?"

तर, कुणी साध्या मराठीत समजावेल का? आणि त्या अ‍ॅप्सचा कुणाला खरंच उपयोग झाला का?

राइनकाठचा:

ताई, लेक बरोबर आहे. सरांच्या डोक्यात नकाशा आहे, म्हणून अडलंय. या अ‍ॅपमध्ये नकाशा नसतोच.

गणपतीत तंबोला खेळला असाल. अ‍ॅप असलेला प्रत्येक फोन ब्लूटूथवरून एक आकडा सतत बडबडत असतो, आणि दर दहा-वीस मिनिटांनी तो आकडा बदलतो. आसपासचे फोन तो ऐकून स्वतःपाशी लिहून ठेवतात. हे झालं तुमचं तिकीट. उद्या मी पॉझिटिव्ह निघालो आणि मी होकार दिला, तर माझा फोन गेल्या चौदा दिवसांच्या किल्ल्या सर्व्हरला देतो. किल्ली म्हणजे त्या-त्या दिवसाचे आकडे ज्यातून निघाले ते मूळ. सर्व्हर त्या सगळ्यांसाठी पुकारतो. तुमचा फोन त्या उतरवून घेतो, आकडे काढतो आणि घरबसल्या तिकिटाशी ताडून बघतो. पुकारणाऱ्याला तिकीट कुणाकडे आहे ते माहीत नसतं. तंबोल्यात लागलं की ओरडायचं असतं, इथे कुणी ओरडायला लावत नाही.

आरोग्य सेतूत आकडा सर्व्हरनेच दिलेला, नाव-नंबराला जोडलेला. भेटींची यादी फोनमध्येच राहायची हे खरं, पण पॉझिटिव्ह आलात की ती वर जायची, लोकेशनसकट.

मी जर्मनीत असतो. इथेही सुरुवातीला सगळं एका सर्व्हरवर गोळा करायचंच घाटत होतं. स्वित्झर्लंडमध्ये काम करणाऱ्या कार्मेला ट्रोंकोसो आणि त्यांच्याबरोबरच्या संशोधकांनी वर सांगितलेली पद्धत मांडली. १० एप्रिल २०२० ला अ‍ॅपल आणि गूगलने तशीच सोय फोनमध्ये देऊ असं जाहीर केलं, आणि एप्रिल संपता संपता जर्मन सरकारने दिशा बदलली. आयफोनवर अ‍ॅप बंद असताना ब्लूटूथ नीट चालवायचं तर अ‍ॅपलची मर्जी लागते, हेही त्यामागे होतंच. १६ जून २०२० ला कोरोना-वॉर्न-अ‍ॅप आलं. सॅप आणि डॉइच टेलिकॉम या कंपन्यांनी बनवलेलं, कोड सगळ्यांना वाचायला खुला.

आता उपयोगाचं. डिसेंबर २०२०, सकाळी चहा टाकला आणि अ‍ॅपमधला हिरवा चौकोन लाल. किती दिवसांपूर्वी, एवढं लिहिलेलं. कुठे, कोण, किती वाजता, काही नाही. आम्ही नवराबायको टेबलाशी बसून तो दिवस उलगडायला लागलो. बेकरीची रांग? ट्राममध्ये शेजारी बसलेला टोपीवाला? मग बायको म्हणाली, आपल्या पलंगाच्या डोक्याशी जी भिंत आहे तिच्या पलीकडे त्या आजीबाई झोपतात, आणि आठवडाभर खोकतायत. फोन आमचेही उशाशी, त्यांचाही. ब्लूटूथला भिंत कळत नाही. टेस्ट निगेटिव्ह आली. आजीबाईंना विचारायचं धाडस झालं नाही. गोपनीयता इतकी पक्की की ज्याला सूचना आली त्यालाही काही कळलं नाही!

तेव्हा वैतागलो होतो. पुढच्याच महिन्यात सिंगापूरच्या संसदेत उघड झालं की 'फक्त करोनासाठी' म्हणून घेतलेला ट्रेसटुगेदर या तिथल्या अ‍ॅपचा डेटा पोलीस गुन्ह्याच्या तपासात मागवू शकतात. मग घाईने कायदा करून ते सात प्रकारच्या गंभीर गुन्ह्यांपुरतं मर्यादित केलं. तेव्हा मला माझ्या लाल चौकोनाचं महत्त्व पटलं. आमच्याकडे सर्व्हरवर भेटींची यादी नव्हतीच. नसलेलं मागणार काय?

खरा घोटाळा दुसरीकडेच झाला. पॉझिटिव्ह असल्याची खात्री अ‍ॅपला पटवायला लॅबचा क्यूआर कोड लागायचा. काही लॅब्ज जोडलेल्याच नव्हत्या. तिथल्या लोकांनी हॉटलाइनला फोन करून आकडा मिळवायचा. माझा एक मित्र तापात अंथरुणावर, जर्मन जेमतेम. त्याने नाद सोडला. म्हणजे त्याचे आकडे पुकारलेच गेले नाहीत.

फोनवाली_पुणे:

मी २०२० मध्ये पुण्यात कॉन्टॅक्ट ट्रेसिंगला होते. आमचं अ‍ॅप म्हणजे एक्सेलची शीट, बॉलपेन आणि बसलेला घसा. "हाय रिस्क कोण, लो रिस्क कोण, नावं सांगा." पहिल्या फोनला उत्तर एकच, "मी कुणालाच भेटलो नाही हो मॅडम." तिसऱ्या फोनला मेहुण्याच्या वाढदिवसाचा केक निघायचा.

लोक खोटं का बोलायचे तेही सांगते. हातावर शिक्के, दाराला स्टिकर. एका सोसायटीत पेशंटची यादी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरली, नाव आणि फ्लॅट नंबरसकट. त्यातल्या बाईंकडची कामवाली सुटली, दूधवाला खालूनच परत. पुढच्या आठवड्यात त्या बिल्डिंगमधून एकही खरं उत्तर मिळालं नाही. त्यामुळे राइनकाठचे, तुमचा तो मुका लाल चौकोन मला तरी चालला असता. पण त्याला क्वारंटाइनमधल्या आजींच्या बीपीच्या गोळ्या संपल्यात हे कळलं नसतं. ते फोनवरच कळायचं.

शंकासुर:

+१ दोघांना. पण लेकाला अंतराचा प्रश्न घ्यायला सांगा. ब्लूटूथ अंतर मोजत नाही, सिग्नलचा जोर मोजतो. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी ट्राममध्ये माणसं बसवून तपासलं. डब्याच्या पत्र्यावरून लहरी परततात, त्यामुळे दूरचा जवळ भासतो आणि जवळचा दूर. त्यांच्या चाचणीत जर्मन अ‍ॅपच्या निकषाने एकही सूचना गेली नसती.

उलट बाजूही सांगतो. इंग्लंड-वेल्सचं अ‍ॅप याच पद्धतीचं, २४ सप्टेंबर २०२० ला आलं. वर्ष संपेपर्यंत त्याने सुमारे १७ लाख सूचना दिल्या. 'नेचर'मधल्या अभ्यासाचा अंदाज, त्यामुळे २.८४ ते ५.९४ लाख रुग्ण टळले. अंदाजच आहे, पण हसण्यावारी नेण्यासारखा नाही.

नाशिकची_आई:

सगळ्यांचे आभार. तंबोला सरांनाही लगेच कळला. प्रदर्शनात सोसायटीच्या गणपतीतली जुनी तिकिटं लावायची ठरलीयत.

शंकासुर, तुमचं वाचून काल रात्री लेकाने हॉलमध्ये प्रयोग केला. सिग्नलचा जोर दाखवणारं अ‍ॅप टाकलं, एक फोन सोफ्यावर, दुसरा हातात. दोन मीटरवर आकडा ठीक. फोन पोळ्यांच्या स्टीलच्या डब्यात घालून झाकण लावलं, आकडा धाडकन खाली. मग फोन बाहेर काढला, डबा बाजूला ठेवला आणि परत मोजलं, तर पुन्हा खाली. दहा मिनिटं कारण सापडेना. अण्णा टीव्ही बघायला मधे येऊन उभे होते.

"अण्णा, सरका जरा," म्हटल्यावर सरकले, आकडा वर आला. वहीत त्याने नोंद केलीय : 'अडथळा २ : आजोबा.'