सोसायटी ग्रुप : भुऱ्याच्या लघवीत कीटोन्स

सी-३०२: बी-५०४ काकू, जाग्या आहात का? आमच्या डायबेटीसच्या मांजराने, भुऱ्याने, सकाळपासून तोंडाला काही लावलं नाहीये. दोनदा उलटी झाली. पाणी मात्र सारखं पितोय. उपाशीपोटी रात्रीचं इन्सुलिन दिलं तर शुगर एकदम उतरेल ना? नकोच देऊ का?

बी-५०४: जागी आहे गं. आधी कानाला टोचून शुगर बघ. इन्सुलिन आपल्या मनाने बंद करू नकोस आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय नेहमीचा डोसही देऊ नकोस.

सी-३०२: ४१२ आली.

बी-५०४: मग शुगर उतरण्याची धास्ती आत्ता नाही. मला काळजी कीटोन्सची आहे, म्हणजे चरबी जळून रक्तात साठणाऱ्या आम्लांची.

ए-१०१: पोट बिघडलं असेल. एक दिवस उपास पडला तर काही होत नाही. अंग गरम असेल तर अर्धी पॅरासिटामॉल द्या.

बी-५०४: आजोबा, पॅरासिटामॉल अजिबात नको! मांजराला ती पचवता येत नाही, अर्ध्या गोळीनेही जीव जाऊ शकतो. उपासही नको. मांजर उपाशी राहिलं की यकृतावर चरबी चढते, आणि याला तर डायबेटीस आहे.

ए-१०१: बरं झालं वेळेत सांगितलंत. मला हे माहीत नव्हतं.

बी-२०३: मी स्टेशनवर उतरलोय, मेडिकल उघडं आहे. काही आणू का?

बी-५०४: शुगर आणि कीटोन दोन्ही दाखवणारी लघवीची पट्टी आण. माणसांसाठीची असते तीच चालते.

सी-३०२: पण काकू, लघवी पकडायची कशी?

बी-५०४: तो लिटरमध्ये, म्हणजे त्याच्या शी-शूच्या ट्रेमध्ये बसला की मागून लांब दांड्याचा डाव हळूच सरकव. चमचाभर मिळाली तरी पुरे. पट्टी बुडवून लगेच काढ आणि डबीवर लिहिलेल्या सेकंदांनाच रंग जुळव. नंतर रंग गडद होत जातो, तो धरायचा नाही.

सी-३०२: मिळाली! कीटोनचा चौकोन जांभळा झालाय.

बी-५०४: मग सकाळपर्यंत थांबू नकोस. आपल्या डॉक्टरांना फोन लाव. ते नसतील तर परळच्या बैलघोडा या जनावरांच्या हॉस्पिटलला किंवा रात्री दाखल करून घेणाऱ्या जवळच्या दवाखान्यात आधी फोन करून विचार आणि नीघ. इन्सुलिन पुरेसं नसलं की शरीराला साखर वापरता येत नाही, मग ते चरबी जाळतं आणि त्यातून कीटोन्स तयार होतात. ते साठले की रक्त आम्लधर्मी होतं. उलट्या आणि खाणं बंद, त्यात कीटोन्स, म्हणजे घरी सांभाळायची वेळ गेली. तिथे सलाईन लागेल, थोडं थोडं इन्सुलिन देतील. इन्सुलिनने रक्तातलं पोटॅशियम उतरतं, म्हणून तेही पुन्हा पुन्हा तपासतील. आणि एक विचारायला विसरू नकोस: इन्फेक्शन कुठे आहे? चांगली चाललेली शुगर अशी बिघडते तेव्हा मागे बहुतेक वेळा काहीतरी असतं. मूत्राशय, दात, हिरड्या, स्वादुपिंड. इन्फेक्शनमुळे इन्सुलिनचा जोर चालत नाही. ते शोधलं नाही तर कीटोन्स परत येतील.

सेक्रेटरी: वॉचमनला रिक्षा आणायला पाठवलंय, गेट उघडंच ठेवतो.

बी-२०३: मी बास्केट धरायला येतो सोबत.

*शनिवार*

सी-३०२: भुऱ्या घरी आला! 🙏 मूत्राशयात इन्फेक्शन निघालं. त्याला लघवीला जळजळ वगैरे काहीच दिसत नव्हती.

बी-५०४: डायबेटीसच्या मांजरात असंच लपून राहतं. लघवीचं कल्चर, म्हणजे कोणते जंतू आहेत ती तपासणी, केली ना?

सी-३०२: हो, रिपोर्ट बघूनच अँटिबायोटिक दिलंय. इन्सुलिनही बदललं, आता १०० ताकदीचं, म्हणजे एका मिलीत १०० युनिटचं आहे. सिरिंज जुन्याच वापरू ना, लाल टोपीच्या?

बी-५०४: नाही! लाल टोपी ४० च्या इन्सुलिनची. १०० चं औषध त्यात १ च्या खुणेपर्यंत भरलंस तर अडीच युनिट जाईल. केशरी टोपीची आण.

बी-२०३: मी खालीच आहे, घेऊन येतो.

बी-५०४: आण बाबा. आणि ऐक गं, तो खायला लागला तरी अँटिबायोटिक मध्येच सोडू नकोस. इन्फेक्शन जसं उतरेल तसं इन्सुलिन पुन्हा लागू पडायला लागेल, मग हाच डोस जास्त होऊ शकतो. म्हणून आता शुगर आधीपेक्षा जास्त वेळा बघ. लटपटला, सुस्त वाटला तर हिरड्यांना मध चोळ आणि लगेच डॉक्टरांना फोन कर. कोर्स संपल्यावर लघवी परत तपासायची का तेही विचारून ठेव.

सी-३०२: लिहून फ्रिजवर लावते. रात्री ८ चं इंजेक्शन तुमच्यासमोर भरू का?

बी-५०४: ये की. पट्टीची डबीही आण, उघडल्याची तारीख टाकू. आपल्याकडच्या दमट हवेत त्या पट्ट्या लवकर खराब होतात.